फ्रिजमध्ये बियाणं

फोनवर दादांनी आधी एकच गोष्ट विचारली. "काय खात नाही ते सांगा." किती माणसं, कधी येणार, गाडीनं की लोकलनं, हे सगळं नंतर. मी म्हटलं, आम्ही सगळं खातो. "सगळं म्हणजे? मुठे खाता? कडू भाजी चालते?" चालते म्हटल्यावर त्यांचा आवाज जरा सैल झाला. "मग या. पण जेवायला काय असेल ते विचारू नका. ते मलाच आदल्या रात्रीपर्यंत माहीत नसतं."

तानसा अभयारण्याच्या कडेला, स्वतःच्या शेतात, दादांनी पाहुण्यांसाठी कुडाची चार घरं बांधली आहेत. मुंबई-ठाण्यातली खाण्याची शौकीन मंडळी या जागेचा पत्ता एकमेकांना देतात आणि देताना बजावतात, की उगाच सगळीकडे सांगत सुटू नका. मीही सांगत सुटणार नाही, म्हणून नाव लिहीत नाही. पावसाळ्यातले शनिवार-रविवार तिथे आधीच भरलेले असतात. आम्हाला जूनच्या शेवटच्या आठवड्यातली जागा मिळाली, तीही कुणीतरी ऐनवेळी रद्द केली म्हणून.

तिथले नियम ऐकून शहरातल्या माणसाच्या कपाळावर आठी येतेच. दोन दिवस आधी माणसांचा आकडा पक्का करायचा, त्यानंतर एकही डोकं वाढवायचं नाही. "शेवटच्या क्षणी मेहुणा आला" वगैरे चालत नाही. आगाऊ पैसे शहापूरला राहणाऱ्या भाच्याच्या नंबरवर पाठवायचे, कारण दादांच्या शेतात मोबाइलला रेंज मिळते ती फक्त बांधावरच्या एका आंब्याखाली, आणि पावसात तीही नाही. जेवणाची वेळ त्यांची. चहा सकाळी एकदा, दुपारी एकदा. मधे चहा हवा असेल तर चुलीशेजारी बसून स्वतः करायचा. पैसे मोजून हे ऐकून घ्यायचं, याला नवऱ्याचा पहिल्यापासून विरोध होता. त्याला लोणावळा हवं होतं.

पारडं फिरलं ते सासूबाईंमुळे. त्या मूळच्या ठाण्याच्या, सीकेपी. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. संडास कसा आहे? आणि शेवळं, म्हणजे ती पावसाच्या तोंडावरची रानभाजी, असेल का? पहिल्याचं उत्तर "घराबाहेर, पण कमोडचा" असं होतं. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तरी त्यांनी निघायच्या आदल्या दिवशी स्टीलच्या डब्यात सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, भरून घेतले. सोड्यांचा भाव हल्ली ऐकवत नाही, त्यामुळे घरात तो डबा देवघराखालोखाल जपला जातो. मी म्हटलं, आई, जेवणासाठी प्रसिद्ध असलेल्या ठिकाणी आपण आपलं सामान घेऊन जायचं? त्या म्हणाल्या, "शेवळं असली आणि सोडे नसले, तर तू काय करशील?" यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

कसारा लोकल ठाण्याला पकडली. टिटवाळ्यानंतर डबा रिकामा झाला आणि खिडकीतून हवा यायला लागली. आटगावला उतरलो तेव्हा दादांची जीप उभी होती, मागच्या बाजूला खताची पोती आणि एक सायकल. आम्ही पोत्यांवर बसलो, सासूबाई पुढे.

तानसाच्या रस्त्याला लागल्यावर मला मुलुंडची पाइपलाइन आठवत राहिली. आमच्या भागातले लोक जिच्या कडेनं सकाळी फिरायला जातात ती ही तानसाची. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी एवढेच शहराच्या हद्दीत आहेत. तानसा, भातसा, मोडक सागर आणि वैतरणेवरची दोन्ही वरची धरणं शहराबाहेर, डोंगरात. तानसाचं धरण १८९२चं, दगडी, अडीच किलोमीटरहून लांब. जीप चालवणारा मुलगा सहज म्हणाला, "ताई, तुमच्याकडं चोवीस तास पाणी का?" मी म्हटलं, नाही, सकाळी येतं. "आमच्या पाड्यावर मे महिन्यात टँकर येतो." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यामुळे उत्तर देणं जास्तच अवघड होतं. शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात हे दरवर्षी पेपरात येतं, आपण वाचतो आणि पान उलटतो. पुढचे दोन दिवस बादली भरताना माझा हात आपसूक आखडत होता.

घरं साधी, म्हणजे खरोखरच साधी. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर मंगलोरी कौलं. सात-आठ वर्षांनी एकदा फुलून मरून जाणारी ती हीच कारवी. तिच्या वाळक्या काठ्यांवर इकडची निम्मी घरं उभी आहेत. आत दोन खाटा, एक कंदील, सौर दिव्याची एक पट्टी, भिंतीत कोनाडा. पंखा होता, पण वीज सोयीनुसार. गाद्यांना पावसाळी कुबट वास येत होता आणि तो शेवटपर्यंत गेला नाही. मच्छरदाणी आणलीत का, असं दादांनी फोनवर विचारलं नव्हतं, पण विचारायला हवं होतं. तिथल्या दोन मच्छरदाण्यांपैकी एकीला भोकं होती. बूट झाडून घालायचे आणि रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, ही सूचना मात्र येताक्षणी मिळाली. या दिवसांत फुरशी आणि मण्यार बाहेर निघतात. सासूबाईंनी सगळं पाहून घेतलं, संडास पाहून घेतला, आणि म्हणाल्या, "स्वयंपाकघर कुठेय?"

स्वयंपाकघर म्हणजे दादांच्या घराची मागची पडवी. शेणानं सारवलेली, तीन चुली, एकीला मंद आचेचा वैल बाजूला जोडलेला. भिंतीशी पाटा-वरवंटा, कोपऱ्यात उखळ, वर माळ्यावरून लोंबणाऱ्या कणसांच्या माळा धुरानं काळपट झालेल्या. आणि पडवीच्या तोंडाशी चक्क एक पांढरा, दोन दारांचा फ्रिज. नवऱ्याच्या चेहऱ्यावर आशा दिसली. त्यानं थंड पाण्यासाठी दार उघडलं. आत ओळीनं डबे आणि बाटल्या, त्यात वाल, तूर, उडीद, काकडी-भोपळ्याच्या बिया, राखेत घोळवलेल्या. खालच्या भाजीच्या कप्प्यात भाताचं बियाणं.

"व्होल्टेजनं जळला," वहिनी म्हणाल्या, म्हणजे दादांच्या बायको. "दुरुस्तीला माणूस शहापूरवरून येईना. मग म्हटलं, उंदीर तर शिरत नाय यात." फ्रिज जाऊन बरीच वर्षं झाली. नवा घ्यायला पैसे नाहीत असं नाही. पण फ्रिज बंद पडल्यानंतरच त्यांच्या जेवणाचं नाव व्हायला लागलं, असं वहिनींचं ठाम मत आहे, आणि मी तिथे जे पाहिलं त्यावरून मला ते पटलं.

कारण सगळी व्यवस्थाच त्याभोवती बसलेली आहे. उरवायचं नाही, म्हणून माणसांचा आकडा आधी हवा. साठवता येत नाही, म्हणून सकाळी बांधावर जे उगवलं असेल तेच दुपारी पानात. कोंबडी कापायची तर एका जेवणात संपली पाहिजे. दूध घरच्या म्हशीचं, दुपारपर्यंत संपलं तर संध्याकाळचा चहा कोरा, गवती चहा घालून. मसाला आठवड्याचा दळत नाहीत. जेवढा लागतो तेवढा पाट्यावर वाटतात, त्यामुळे सकाळच्या आमटीची चव रात्रीच्या रश्श्याला येत नाही. टिकवायचं ते जुन्या पद्धतीनं टिकवलेलं: वाळवलेली मोहाची फुलं, सुके बोंबील, आंबोशी, कोकमं, मिठातल्या कैऱ्या. मुंबईत आमच्या फ्रिजमध्ये आलं-लसणाची पेस्ट, चिरलेली कोथिंबीर, मळलेली कणीक, परवाची डाळ असं सगळं डब्यांत बसलेलं असतं, आणि आठवडाभर प्रत्येक भाजीला त्या डब्यांची थोडी थोडी चव येत राहते. हे मला तिथे जेवेपर्यंत जाणवलं नव्हतं.

दुपारचं पहिलं जेवण फार काही नव्हतं. तांदळाची भाकरी, सालासकटच्या उडदाची आमटी, कुलूची भाजी, लाल मिरचीचा ठेचा, भात. भात वाडा कोलमचा. त्याला तिथे झिनी म्हणतात, शेजारच्या वाडा तालुक्यातला, २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मुंबईत वाडा कोलम या नावानं वाट्टेल ते विकतात. हा तांदूळ बारीक, आखूड आणि शिजल्यावर मऊ, पण गिचका न होणारा. मी आमटी बाजूला ठेवून नुसता भात मिठाबरोबर खाल्ला.

कुलू, म्हणजेच फोडशी, पहिल्या पावसाबरोबर गवतासारखी उगवते. नवख्याला गवत आणि फोडशी वेगळी ओळखता येणार नाही. पातीच्या आतला कडक पांढरा दांडा काढून टाकायचा, बारीक चिरायची, कांदा-मिरची आणि भिजवलेली चणाडाळ घालून परतायची. इतकी सौम्य भाजी की तिला मसाला सहनच होत नाही. याच कुळातल्या सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. १९५५ साली तिची नोंद झाली ती बोरिवलीच्या जंगलावरून. म्हणजे आमच्या लोकलच्या नकाशातलं एक स्टेशन वनस्पतिशास्त्रात जाऊन बसलंय, आणि बोरिवलीत राहणाऱ्या माझ्या नणंदेला ही भाजी माहीतसुद्धा नाही.

मग संध्याकाळी शेवळं आली.

स्वयंपाक करणाऱ्या मावशी जवळच्या पाड्यावरच्या, वयानं सासूबाईंपेक्षा थोड्या लहान. त्यांनी पदराच्या ओच्यातून शेवळाचे कोंब काढून सुपात ठेवले आणि सासूबाई खुर्चीवरून उठल्याच. हंगाम संपत आला होता. शेवळं खरी मेअखेरची आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्याची. सुरणाच्या जातीचा कंद, त्याला पान यायच्या आधी जमिनीतून जांभळट-तपकिरी निमुळता कोंब वर येतो. तो मिटलेला असतानाच खुडायचा. उलगडला की त्याला कुजकट वास सुटतो, माश्या-किड्यांना बोलावण्यासाठी, आणि मग तो खाण्याच्या कामाचा राहत नाही. पुढे त्याच कंदाला पान येतं, ते कोवळं असताना त्याचीही भाजी करतात. त्याला लोत म्हणतात.

शेवळाची गोम म्हणजे खाज. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. नीट केलं नाही तर घसा ओरबाडून निघतो, ओठ सुजतात. उतारा म्हणून आंबट लागतं, आणि नेमकी त्याच दिवसांत काकडाच्या झाडाला हिरवी, छोट्या आवळ्याएवढी आंबट फळं लागतात. काकडांशिवाय शेवळं करायची नाहीत, इथपर्यंत मावशी आणि सासूबाई यांचं एकमत. पुढे दोघींची वाट वेगळी झाली.

मावशींनी काकडं ठेचून पाण्यात घातली, पाणी उकळलं आणि चिरलेली शेवळं त्यातच टाकायला घेतली. सासूबाई म्हणाल्या, "अहो मावशी, असं नाही. काकडं वाटून रस गाळून घ्यायचा. शेवळं आधी तेलात परतायची, मग रस."

"परतली तर खाज आत बसल."

"आमच्याकडे पन्नास वर्षं अशीच करतायत."

"तुमच्याकडं शेवळं शिळी येत्यात आजी. दोन दिस टोपलीत बसल्येली. त्यांची खाज निम्मी मरती." मावशी हसत होत्या, पण हात थांबला नव्हता. "ही आत्ता जमिनीतून काढल्यात."

सासूबाईंना हे लागलं. दादर-ठाण्याच्या बाजारात भाजीवालीशी हुज्जत घालून जी बाई ताजी जुडी निवडून आणते, तिला तिची शेवळं शिळी असतात हे पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी विळी पुढे ओढली. वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याच्या तळाचा पिवळट दाणेदार भाग कापून टाकायचा, कारण सगळ्यात जास्त खाज तिथे. हे काम दोघी अगदी एकाच पद्धतीनं करत होत्या, बोलायची गरज नव्हती. मला हात लावू दिला नाही. शेवटी तोडगा निघाला तो असा: अर्धी शेवळं मावशींच्या पद्धतीनं, काकडाच्या पाण्यात, नुसती मीठ-मिरची आणि वाटलेला लसूण घालून. अर्धी आधी काकडाच्या पाण्यात उकळून घेतलेली, पिळलेली, आणि मग सासूबाईंच्या पद्धतीनं कांदा, ओलं खोबरं, गरम मसाला आणि सोडे घालून.

सोड्यांचा डबा उघडल्यावर मावशींनी वास घेतला, दोन सोडे हातावर घेतले आणि विचारलं, "काय भाव?" सासूबाईंनी सांगितला. मावशी म्हणाल्या, "बाबो," आणि ते दोन सोडे परत डब्यात ठेवले. सासूबाईंनी ते पुन्हा काढून त्यांच्या हातावर दिले.

गॅसवर केलेल्या शेवळांपेक्षा ही वेगळी का लागतात, हे मी चुलीपाशी बसून बघत होते. मावशी जाळ कमी-जास्त करत नाहीत, टोप हलवतात. मोठ्या जाळावर उकळी, मग वैलावर, मग निखारे ओढून त्यावर, झाकणावर पाणी ठेवून. एका भाजीला चुलीवर तीन जागा. शिजली का ते बघायला मावशींनी कण जिभेच्या शेंड्यावर ठेवला, डोळे मिटले, थोडं थांबल्या. खाज असेल तर तिथेच कळते. मग मान हलवली.

सोड्यांची शेवळं घरच्यासारखीच उत्तम झाली होती. पण मावशींची भाजी मी त्यानंतर डोक्यातून काढू शकलेले नाही. तिच्यात लपायला काही नव्हतं. किंचित मांसल, मातकट, मागून येणारं काकडाचं आंबट, आणि मग लसूण. नवऱ्यानं तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि लोणावळ्याचं नाव काढलं नाही.

त्या रात्री पवईहून आलेल्या मुलांचा एक गट होता. चांगली मुलं होती, पण सोबत स्पीकर होता, तो दादांनी सुरुवातीलाच बंद करायला लावला. त्यातल्या एकानं पनीर मिळेल का विचारलं. "मिळेल की. शहापूरला. जीप सोमवारी जाते." दुसऱ्यानं जेवणं झाल्यावर दादांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, रानातलं काही, म्हणजे ससा वगैरे. दादा मोठ्यानं म्हणाले, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं, "जेलची भाकर खायचीय का? मला नाय खायची." १९७२ चा वन्यजीव कायदा त्यांना कलमांसकट पाठ आहे. अशी विचारणा दर पावसाळ्यात होते म्हणे. जंगलाशेजारी चुलीवरचं जेवण म्हटलं की काही लोकांच्या डोक्यात शिकारच येते. हे फार चीड आणणारं आहे, आणि जंगलातल्या खाण्याचं जे काही कौतुक हल्ली चाललंय त्यातून हे वाढतंय, असं मला वाटतं.

भाज्या तरी अभयारण्यातून आणता येतात का, हे सासूबाईंनी विचारलंच. वहिनींनी सांगितलं, पाहुण्यांच्या पानातलं बहुतेक सगळं स्वतःच्या बांधावरचं आणि माळावरचं. मावशींच्या पाड्यातल्या काही घरांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली पट्टे मिळालेत, त्या तिथून आणतात, आणि दादा त्याचे पैसे मोजून देतात. टाकळा, कुरडू तर रस्त्याच्या कडेलाही उगवतात. भारंगी मात्र मोजकीच खुडायची, कारण तिची मुळं औषधाला लागतात म्हणून लोक झुडूपच उपटून नेतात.

रात्रीच्या गावठी कोंबडीबद्दल मी फार उत्साहानं लिहिणार नाही. रस्सा झणझणीत होता, नाचणीची भाकरी सुरेख होती, पण कोंबडी चिवट, आणि पाहुण्यांना हवी असते म्हणूनच केलेली वाटली. घरच्या कुणीही ती त्या रात्री खाल्ली नाही. त्यांनी सुक्या बोंबलाचं कालवण खाल्लं. मी थोडं मागून घेतलं. ते कोंबडीपेक्षा बरं होतं. शेवटी मोहाची वाळवलेली फुलं भाजून तिळाबरोबर कुटून केलेले छोटे लाडू आले. खजुराच्या जवळ जाणारा गोडवा, पण मागे एक आंबूस, किंचित मादक वास. नवऱ्यानं डोळे मिचकावून विचारलं, चढते का? वहिनी म्हणाल्या, "चार किलो खाल्ले तर पोट चढंल."

थंडीत या घरांमध्ये वेगळीच गिऱ्हाइकं येतात, मोठ्या लेन्सवाली. तानसात २०१४ साली रानपिंगळा दिसला. या घुबडाचा शेवटचा नमुना १८८४ चा, मग शंभराहून जास्त वर्षं काही पत्ता नाही. नामशेष झाला असं मानत असताना १९९७ साली तो खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तो तानसात, मुंबईच्या इतक्या जवळ असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पक्षीवाले पहाटे भाकरी बांधून घेऊन जातात आणि दादांच्या मते ते जेवणाकडे लक्ष न देता जेवतात. हे सांगताना त्यांच्या आवाजात खरी तक्रार होती.

रात्रभर पाऊस कोसळला. कौलांवरचा आवाज इतका की बोलणं शक्य नव्हतं. एका ठिकाणी गळायला लागलं, तिथे तांब्या ठेवला.

सकाळी ओढा भरून वाहत होता आणि शेतांतून पाणी उतरत होतं. आवणाच्या वाफ्यांत भाताची रोपं बोटभर आली होती. दादा आणि त्यांचा मुलगा पहाटेच बॅटरी घेऊन मुठे पकडायला गेले होते. मुठे म्हणजे शेतातले, ओढ्यातले काळपट खेकडे. समुद्रातल्या चिंबोरीसारखं त्यात खायला मांस फार नसतं. जे काही आहे ते रसात. मावशींनी नांग्या बाजूला काढल्या, बाकीचे पाय पाट्यावर ठेचून, पाण्यात कोळून, गाळून घेतले. ते गढूळ पाणी उकळायला लागलं की हळूहळू साकळतं आणि कालवणाला दाटपणा येतो. त्यात भाजलेला कांदा-खोबऱ्याचं वाटण, तिरफळं नाहीत, टोमॅटो नाही, दोन कोकमं. सकाळी नऊ वाजता आम्ही हे कालवण भाताबरोबर ओरपत होतो. शेजारी पवईची मुलं चहात बिस्किटं बुडवून बघत बसली होती. त्यातला पनीरवाला मात्र उठून आला आणि वाटी पुढे केली.

ओढा बघून सासूबाईंना वलगणीचे मासे आठवले. पहिल्या मोठ्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात, पार शेतांत शिरतात, आणि तेव्हा ते गाभोळीनं भरलेले असतात. लहानपणी कळव्याच्या खाडीलगतच्या शेतांत त्यांनी ते पाहिलेत. गाभोळी म्हणजे त्यांचा जीव. त्यांनी दादांना अगदी गोडीत विचारलं. दादा म्हणाले, "आजी, घरात आम्ही एकदा खातो. पाव्हण्यांना देत नाय. देत बसलो तर दोन वर्षांत ओढ्यात काय राहणार नाय." सासूबाईंना हे पटलं, पण आवडलं नाही. पटणं आणि आवडणं यातला फरक त्या कधी लपवत नाहीत. दुपारपर्यंत दादांशी तुटकच बोलत होत्या.

हिशेब दादांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर करून दिला. माणशी एक रक्कम, त्यात राहणं, जेवण, जीप सगळं. स्वस्त म्हणवत नाही. त्या पैशांत लोणावळ्याला पंखा फिरणारी, गळका कोपरा नसलेली खोली मिळाली असती. ज्यांना अंथरुणाची, ओलसरपणाची, रात्री बाहेर जाण्याची अडचण आहे त्यांना मी हे सुचवणार नाही. गुडघे दुखणाऱ्यांनीही विचार करावा, बैठक जमिनीवरची आहे. सासूबाईंना पाट आणि भिंतीचा टेकू मिळाला म्हणून निभावलं. लहान मुलांसाठी दूधभात मिळतो, बाकी वेगळं काही करत नाहीत. जायचंच तर मच्छरदाणी, बॅटरी आणि जास्तीचे कपडे घेऊन जावं, आणि फोनवर "काय खात नाही?" या प्रश्नाला खरं उत्तर द्यावं.

हिशेबात सोड्यांच्या शेवळांचा उल्लेख नव्हता. मावशींनी मात्र सासूबाईंच्या पिशवीत वर्तमानपत्रात बांधून काकडं घातली होती. "रस काढून बाटलीत भरू नका," त्या म्हणाल्या. "झाडावरून उतरल्यावर दोन दिसात वापरा."

सोमवारी नवऱ्याला ऑफिस, म्हणून पहाटेची लोकल घेतली. आटगावच्या फलाटावर पाड्यांवरच्या बायका आधीच बसल्या होत्या, टोपल्या पानांनी झाकलेल्या, एकीच्या डोक्यावर अजून इरलं. याच बायका कल्याण, ठाणे, दादरला उतरतात आणि आपण त्यांच्याशी पाच-दहा रुपयांसाठी वाद घालतो. गाडी आल्यावर त्या मालडब्याकडे धावल्या. सासूबाई माझ्याबरोबर बायकांच्या डब्यात न चढता सरळ त्यांच्यामागे मालडब्यात चढल्या, आणि मी त्यांच्यामागे.

खाली बसायला जागा करून मिळाली. टोपलीतली शेवळं कधी खुडली, हा पहिला प्रश्न. "काल दुपारच्याला." म्हणजे ठाण्याला विकायला बसेपर्यंत एक रात्र गेलेली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. काकडं का नाही आणलीत बरोबर? "लोक घेत नायत आजी. चिंच घालतात." यावर सासूबाईंनी चिंचेबद्दल जे काही सांगितलं ते कल्याण येईपर्यंत पुरलं. त्या बाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तुमी घेणार का? घेणार असाल तर आणते."

"आण. आणि लोत कधी येईल?"

"लोत येतच आलाय. मंगळवारी आणते थोडा. ठाण्याला पुलाखाली बसते मी, दोन नंबरच्या बाजूला. दहाच्या आत या, नंतर कोवळा राहत नाय."

सासूबाईंनी मला वार लक्षात ठेवायला सांगितला.